फर्नेस आहे, एसी नाही: जुन्या घरात सेंट्रल एसी बसवताना

अमेरिकेतल्या सिएटलच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, म्हणजे बेल्व्ह्यू, रेडमंड, कर्कलंड या भागात, ऐंशी-नव्वदच्या दशकातलं घर घेतलं की त्यात बहुधा दोन गोष्टी ठरलेल्या असतात. गॅरेजच्या कोपऱ्यात उभी असलेली, घर तापवणारी गॅसची फर्नेस, आणि एसीचा पत्ता नाही. तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारलं तर ‘इथे लागतोच कुठे’ हे उत्तर. 2019 च्या सरकारी गृह-पाहणीत सिएटल महानगरातल्या निम्म्याहून कमी घरांत एसी होता. मग जून 2021 मधला तो आठवडा आला. 28 जूनला पारा 108 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 42 सेल्सिअसच्याही वर गेला. नागपूरकराला यात काही विशेष वाटणार नाही, पण ही घरं थंडी अडवायला बांधलेली. पश्चिमेला मोठाल्या काचा, निजायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, छताला पंखे नाहीत. त्याच्या आधीच्या सप्टेंबरात वणव्यांच्या धुरामुळे खिडक्या उघडायचीही सोय उरली नव्हती. तेव्हापासून उन्हाळ्याच्या तोंडावर मराठी मंडळी जमली की एक प्रश्न हमखास निघतो: फर्नेस आहे, खोल्याखोल्यांत हवा नेणारे डक्ट आहेत, मग एसीसाठी फक्त बाहेरचं युनिट आणून जोडायचं ना?

हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं नीट कळलं नाही तर पैसे खर्चून वरच्या मजल्यावर घामच येतो.

पुण्या-मुंबईत एसी म्हणजे भिंतीवरचं युनिट. ते त्या खोलीतली हवा ओढतं, गार करतं आणि तिथेच सोडतं. शेजारच्या खोलीशी त्याचा संबंध नाही. इथल्या फर्नेसचा कारभार घरभर चालतो. पॅसेजमधल्या मोठ्या जाळीतून, म्हणजे रिटर्नमधून, घरातली हवा ओढली जाते. ती फिल्टरमधून ब्लोअरकडे जाते. ब्लोअर ती हीट एक्स्चेंजरवर ढकलतो. हा एक्स्चेंजर म्हणजे पोलादी कप्पा, आत गॅसची ज्योत आणि धूर, बाहेरून घरातली हवा. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. गरम झालेली हवा वरच्या पत्र्याच्या पेटीत, म्हणजे प्लेनममध्ये येते. तिथून डक्टच्या फांद्या फुटतात आणि खोल्याखोल्यांतल्या व्हेंटमधून हवा बाहेर पडते.

एसी बसवायचा म्हणजे याच रस्त्यात एक नवं ठाणं उभारायचं. फर्नेसच्या डोक्यावर, प्लेनमच्या तळाशी, एक गार कॉइल बसते. दोन तिरप्या चौकटी एकमेकींना टेकवल्यासारखी दिसते म्हणून सगळे तिला ए-कॉइल म्हणतात. घराबाहेर सिमेंटच्या किंवा प्लास्टिकच्या पाटावर कंडेन्सर युनिट येतं, त्यात कॉम्प्रेसर आणि पंखा. दोघांमध्ये तांब्याच्या दोन नळ्या, एक जाड आणि फोमने गुंडाळलेली, दुसरी बारीक. नळ्यांतून रेफ्रिजरंट फिरतं, आपल्याकडे एसीवाले ज्याला नुसतं ‘गॅस’ म्हणतात ते. आत ते द्रवाचं वायू होताना हवेतली उष्णता शोषून घेतं, बाहेर दाबाखाली पुन्हा द्रव होताना ती सोडून देतं. ब्लोअर, डक्ट, फिल्टर सगळं जुनंच. बचत होते ती इथेच, आणि घोटाळाही इथूनच सुरू होतो.

कॉइल हीट एक्स्चेंजरच्या पुढेच बसायला हवी, मागे नाही. जागा कमी आहे म्हणून रिटर्नच्या बाजूला बसवू असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. गार हवा पोलादी एक्स्चेंजरवरून गेली की त्यावर दव साचतं, गंज चढतो, आणि गंजून भोक पडलेल्या एक्स्चेंजरमधून हिवाळ्यात कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. बुटक्या बेसमेंटमध्ये फर्नेसच्या वर कॉइलपुरती उंची नसते. तिथे प्लेनमचा पत्रा कापून नव्याने घडवावा लागतो. कोटेशनमध्ये हे काम धरलंय का, ते पाहा.

खरा प्रश्न हवेचा

बाहेरच्या डब्यावर कुठल्या कंपनीचं नाव असावं यावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. माझ्या मते त्यातला निम्मा वेळ डक्टकडे बघण्यात घालवला तर जास्त फायदा होईल. कारण हे डक्ट मोजले, कापले आणि बसवले ते फक्त उबेसाठी, आणि गारव्याला हवा जास्त लागते.

हे उलटं वाटतं, म्हणून आकडेच बघू. फर्नेस हवेला एका फेरीत साधारण 50 ते 60 अंश फॅरनहाइटने तापवते. 70 अंशांची हवा आत गेली तर 125 अंशांची बाहेर येते. इतकी कढत हवा थोडीशी सोडली तरी खोली ऊबदार होते. घरात तासाला 60,000 बीटीयू (उष्णतेचं इथलं माप) उष्णता सोडणाऱ्या फर्नेसला मिनिटाला साधारण 1,000 घनफूट हवा पुरते. मिनिटाला इतके घनफूट म्हणजेच सीएफएम. एसीवाल्यांच्या तोंडी हाच शब्द असतो.

एसीला मात्र इतकी मोठी उडी मारता येत नाही. 75 अंशांची हवा तो फार तर 55 वर आणतो, म्हणजे फरक जेमतेम 20 अंशांचा. त्याहून गार करायला जावं तर कॉइलचा पृष्ठभाग 32 अंशांच्या खाली जातो आणि तिच्यावर बर्फ धरतो. फरक लहान, म्हणून हवा जास्त. दर टनाला 400 सीएफएम असा धंद्यातला हिशेब आहे. दमट भागात 350 पर्यंत चालतं. तीन टनांचा एसी तासाला 36,000 बीटीयू काढतो, म्हणजे त्या फर्नेसच्या निम्म्याहून थोडंच जास्त काम, पण हवा मागतो 1,200 सीएफएम.

आता जुना ब्लोअर आणि जुने डक्ट ती हवा देऊ शकतील का? याचं उत्तर फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला अर्धंमुर्धं लिहिलेलं असतं. पत्र्याचं दार वर उचलून काढलं की आत चिकटवलेलं लेबल दिसतं. त्यावर हवा किती अंशांनी तापावी याची मर्यादा असते, आणि फर्नेसबाहेरचा स्थिर दाब, म्हणजे हवेच्या वाटेतला अडथळा, किती चालेल हेही. बहुतेक घरगुती फर्नेसवर हा आकडा 0.5 इंच पाणी असा असतो, म्हणजे अर्धा इंच पाणी उचलण्याइतका दाब. ब्लोअरच्या खिशात असलेले हे एवढेच पैसे. फिल्टर त्यातले थोडे घेतो, नवी कॉइल ओली असताना 0.2 ते 0.3 घेते, आणि उरलेल्यात सगळ्या डक्टचा, वळणांचा आणि जाळ्यांचा खर्च भागवायचा. धुराच्या भीतीने तुम्ही मर्व्ह-13 दर्जाचा, म्हणजे फार बारीक गाळणारा, एक इंची फिल्टर घातला असेल तर तो एकटाच मोठा वाटा खातो. त्याऐवजी फर्नेसच्या बाजूला चार इंची जाड फिल्टरची पेटी बसवून घ्यावी. गाळणी तितकीच बारीक राहते, पण हवेला जायला कागदाचा पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो.

हा दाब मोजायला मॅनोमीटर लागतो, आणि मोजायला फारसा वेळही लागत नाही. पत्र्याला दोन बारीक भोकं पाडायची, एक ब्लोअरच्या अलीकडे, एक पलीकडे, नळ्या खुपसायच्या, आकडा वाचायचा. मी तर म्हणेन की कॉन्ट्रॅक्टर घरी आल्यावर त्याच्या पिशवीतून मॅनोमीटर निघतो का, हीच त्याची परीक्षा. फर्नेसकडे एक नजर टाकून, घराचं क्षेत्रफळ विचारून दहा मिनिटांत किंमत सांगणारा माणूस तुम्हाला डबा विकतोय.

हवा कमी पडली तर काय होतं ते एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. कॉइलवरून कमी हवा गेली की कॉइल आणखी गार होते. मग तिच्यावरचं पाणी गोठतं. बर्फाने पाती बुजली की हवा आणखी कमी, की बर्फ आणखी जास्त. व्हेंटमधून झुळूकही येत नाही, आणि घरातले थर्मोस्टॅट आणखी खाली ओढतात. दरम्यान कॉइलमध्ये ज्या रेफ्रिजरंटचा वायू व्हायला हवा होता ते द्रवरूपातच परत कॉम्प्रेसरकडे जाऊ लागतं. कॉम्प्रेसर वायू दाबण्यासाठी बनवलेला असतो, द्रव दाबला जात नाही. सगळ्यात महागडा भाग असा हकनाक जातो, आणि दोष कंपनीच्या माथी. बर्फ दिसलाच तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, वितळू द्यावा आणि मग कारण शोधावं.

दोन मजली घरांत आणखी एक गोम असते. बिल्डरने पैसे वाचवायला एकच मोठा रिटर्न खालच्या पॅसेजमध्ये दिलेला असतो. हिवाळ्यात ते खपून जातं, कारण गरम हवा आपोआप वर चढते. उन्हाळ्यात गार हवा खाली बसून राहते, वरची गरम हवा वरच अडकते, आणि थर्मोस्टॅट असतो खाली. त्याला वाटतं घर गार झालं. वरच्या मजल्यावर छताजवळ नवा रिटर्न काढून तो एखाद्या कपाटाच्या कोपऱ्यातून खाली आणणं, हे काम दिसायला कटकटीचं, पण एक टन जास्त घेण्यापेक्षा शंभर पटीने उपयोगी.

गळती हा वेगळाच विषय. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या म्हणण्यानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधली 20 ते 30 टक्के हवा सांध्यांतून आणि भोकांतून निसटून जाते. घराखालच्या सरपटत जायच्या जागेत, क्रॉलस्पेसमध्ये, डक्ट असले तर ती हवा उंदरांसाठीच. सांधे बुजवायला मॅस्टिक नावाचा जाड लेप वापरतात. नावाला डक्ट टेप म्हटला जाणारा कापडी पट्टा वाळून काही वर्षांत सुटतो. सिएटल शहरातल्या बॅलर्ड, वॉलिंगफर्डसारख्या जुन्या वस्त्यांत घर असेल आणि डक्टच्या सांध्यांवर पांढरट, कागदासारखी पट्टी दिसली तर ती खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टस असू शकतं. आधी तपासणी करून घ्या.

किती टन

टन हे बर्फाचं माप आहे: एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी काढण्याची ताकद, तासाला 12,000 बीटीयू. दर 500 चौरस फुटांना एक टन हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. दोन हजार फुटांच्या घराला मग चार टन, चार टनांना 1,600 सीएफएम. जे डक्ट हजार-बाराशेसाठी बनलेत त्यांतून सोळाशे जाणार कशी? त्याच घराचा नीट हिशेब केला तर अडीच टनांतही भागू शकतं.

नीट हिशेबाला मॅन्युअल जे म्हणतात. अमेरिकेतल्या एसी कॉन्ट्रॅक्टरांच्या संघटनेने, एसीसीएने, तो ठरवून दिलेला आहे. खिडक्या कुठल्या दिशेला, काच एकेरी की दुहेरी, माळ्यावर इन्सुलेशन किती, घर किती गळतं, माणसं किती, हे सगळं त्यात येतं. बाहेरचं तापमान 108 धरायचं नसतं. वर्षातले मोजके तास वगळता पारा ज्याच्या वर जात नाही तो त्या गावाचा आकडा धरायचा. यंत्र निवडण्यासाठी मॅन्युअल एस आणि डक्टसाठी मॅन्युअल डी असे याचे दोन भाऊही आहेत. हिशेबाचा कागद मागा. ‘एवढी वर्षं करतोय, बघून कळतं’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा.

मोठा एसी घेण्याचा दुसरा तोटा दमट गावांत जाणवतो: न्यू जर्सी, शिकागो, अटलांटा. तिथे एसीला गारवा देण्याबरोबर हवेतलं पाणीही काढायचं असतं, आणि कॉइल ओली होऊन पाणी टपकायला लागेपर्यंत काही मिनिटं जातात. अवाढव्य एसी पाच-सात मिनिटांत तापमान गाठून बंद पडतो. घर गार, पण चिकचिकाट तसाच. मुळात हवेतलं पाणी काढणं हेच या यंत्राचं पहिलं काम होतं. 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणाने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत, म्हणून विलिस कॅरिअरने ती यंत्रणा आखली. माणसांचा गारवा नंतर आला. सिएटलचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

पाणी, नळ्या, वीज

गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब धरतात तसंच कॉइलवर होतं, फक्त इथे दमट दिवसात काही गॅलन पाणी सहज जमतं. ते कॉइलखालच्या ताटलीत पडतं आणि पांढऱ्या पीव्हीसी पाइपने वाहून जातं. वाटेत यू आकाराचा ट्रॅप असतो. बेसमेंटमध्ये जमिनीला निचरा नसेल तर छोटा पंप लागतो. फर्नेस 90 टक्क्यांवर कार्यक्षमतेची असेल तर तिला स्वतःच्या पाण्यासाठी निचरा आधीच दिलेला असतो, तोच कामाला येतो. पाइपात शेवाळासारखा बुळबुळीत गाळ धरतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरच्या तोंडातून कपभर व्हिनेगर ओतलं की बरं. फर्नेस माळ्यावर असेल तर तिच्याखाली आणखी एक मोठी ताटली, आणि पाणी चढलं की एसी बंद पाडणारा फ्लोट स्विच, या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. स्विच स्वस्त असतो, छत नसतं.

तांब्याच्या नळ्यांचं काम डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्राचं आयुष्य तिथे ठरतं. सांधे जोडताना नळीतून नायट्रोजन सोडत राहावं लागतं, नाहीतर आतून काजळीचा थर धरतो. मग नायट्रोजननेच दाब देऊन गळती तपासायची. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची, मीटरवर 500 मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं माप) खाली येईपर्यंत, आणि पंप बंद केल्यावर आकडा किती चढतो ते पाहायचं. आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिसळून आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसर पोखरतं. घाईतला माणूस पंप जेमतेम लावून काढून घेतो. तो काम करत असताना ‘मायक्रॉन किती आले?’ एवढं विचारलं तरी कामाला शिस्त येते.

रेफ्रिजरंटही बदललंय. जुनं आर-22 अमेरिकेत बनवणं आणि आयात करणं 2020 च्या सुरुवातीला थांबलं. त्याच्या जागी आलेल्या आर-410ए चा पृथ्वी तापवण्याचा निर्देशांक 2,088 आहे. 1 जानेवारी 2025 पासून नव्या घरगुती यंत्रणांसाठी 700 ची मर्यादा आली, म्हणून आता आर-454बी आणि आर-32 दिसतात. दोन्ही किंचित ज्वलनशील असल्याने नव्या कॉइलच्या पेटीत अनेकदा गळती ओळखणारा सेन्सर असतो. गळती कळली की तो ब्लोअर चालू करून वायू पांगवतो. घाबरायचं कारण नाही. भारतातल्या भिंतीवरच्या एसींत आर-32 कित्येक वर्षं चाललंय. मात्र कोणी स्वस्तात जुन्या रेफ्रिजरंटची कॉइल गळ्यात मारत असेल तर सावध. बाहेरचं युनिट आणि आतली कॉइल ही जोडी एकमेकांसाठी तपासलेली असावी लागते, आणि तिचं एएचआरआय या उत्पादकांच्या संघटनेचं प्रमाणपत्र मिळतं. ते मागून घ्या.

विजेसाठी 240 व्होल्टची स्वतंत्र लाइन, पॅनेलमध्ये दुहेरी ब्रेकर, आणि बाहेरच्या युनिटजवळ नजरेच्या टप्प्यात बंद करायची पेटी. जुन्या घरातलं पॅनेल 100 ॲम्पिअरचं असेल आणि गॅरेजमध्ये आधीच इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर असेल, जो आपल्या मंडळींकडे असतोच, तर इलेक्ट्रिशियनकडून भाराचा हिशेब करून घ्यावा लागेल.

थर्मोस्टॅटचं मात्र पाच मिनिटांत कळतं. भिंतीवरचं झाकण ओढून काढा. फक्त उबेच्या यंत्रणेला दोनच तारा पुरतात, आर आणि डब्ल्यू. एसीला वाय, पंख्याला जी, आणि आजच्या वायफाय थर्मोस्टॅटला जिवंत ठेवायला सी. भिंतीच्या भोकात मागे गुंडाळून ठेवलेल्या जास्तीच्या तारा दिसल्या तर नशीब चांगलं. नाहीतर फर्नेसपासून नवी केबल ओढायची.

एसी घेताय, तर हीट पंप का नाही?

हा प्रश्न कॉन्ट्रॅक्टर स्वतःहून काढेलच असं नाही, म्हणून तुम्ही काढा. हीट पंप म्हणजे तोच एसी, फक्त त्यात रेफ्रिजरंटची दिशा पलटवणारी एक झडप आणि बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवण्याची सोय जास्तीची. हिवाळ्यात तो बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घरात आणतो. कॉइल, नळ्या, वीज, मजुरी जवळपास सगळी तीच. जुनी फर्नेस ठेवून वर हीट पंपाची कॉइल बसवली की त्याला ड्युअल फ्युएल म्हणतात: सौम्य थंडीत हीट पंप, कडाका पडला की फर्नेस. दोघं एका वेळी चालवत नाहीत, कारण फर्नेसची कढत हवा थेट त्या कॉइलवर जाऊन दाब भलताच वाढतो. थर्मोस्टॅट एकाला थांबवूनच दुसऱ्याला सुरू करतो.

सिएटलसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळा ओला पण सौम्य आणि शहराची वीज बहुतांशी धरणांतून येते, तिथे नुसता एसी घेणं मला तरी पटत नाही. मिनेसोटात गॅस स्वस्त आणि थंडी हाडं गोठवणारी, तिथे गणित वेगळं. हीट पंपावर मिळणारी केंद्राची करसवलत 31 डिसेंबर 2025 ला संपली. पण राज्याच्या आणि वीज कंपन्यांच्या योजना वेगळ्या असतात, त्या आपापल्या गावात पाहाव्यात. हीट पंपाची हवाही फर्नेसइतकी कढत नसते, त्यामुळे डक्टचा प्रश्न हिवाळ्यातही तोच राहतो.

एसीच्या कार्यक्षमतेचा आकडा 2023 पासून एसइइआर-2 या मापात देतात. उत्तरेकडच्या राज्यांत किमान 13.4, दक्षिणेत 14.3. ज्या गावात एसी वर्षातून सहा-आठ आठवडे लागतो तिथे फार वरच्या आकड्यासाठी पैसे मोजून ते विजेच्या बिलात परत येत नाहीत. हीट पंप घेत असाल तर उबेचा आकडा, एचएसपीएफ-2, जास्त महत्त्वाचा.

फर्नेस पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर तिच्या डोक्यावर नवी कॉइल चढवण्याआधी विचार करा. चार वर्षांनी फर्नेस गेली की कॉइल सोडवून पुन्हा बसवायची, आणि नव्या फर्नेसची रुंदी जुळेलच असं नाही. दोन्ही एकदम बदलली तर पत्र्याचं काम एकदाच होतं आणि मनासारखा, वेग बदलणारा ब्लोअर मिळतो.

बॉस्टन किंवा न्यू जर्सीच्या जुन्या गावांत बॉयलर आणि रेडिएटरची घरं असतात. त्यांत डक्टच नाहीत, तेव्हा वरचं सगळं गैरलागू. तिथे दोन वाटा. एक, आपल्या ओळखीचे भिंतीवरचे स्प्लिट. एका बाहेरच्या युनिटवर तीन-चार खोल्या चालतात. दुसरी, जाड इन्सुलेशन असलेल्या, आतून दोन इंच व्यासाच्या लवचीक नळ्या भिंतींच्या पोकळीतून सरकवून वेगाने हवा सोडणारी यंत्रणा. जुन्या घराचं नक्षीकाम न तोडता ती बसते, पण खर्चिक असते.

काम देताना आणि झाल्यावर

निदान तीन कोटेशनं घ्या, आणि किमतीआधी त्यांत काय धरलंय ते ओळीओळीने जुळवा: डक्टची दुरुस्ती, नवा रिटर्न, फिल्टरची पेटी, वीज, परमिट. वॉशिंग्टन राज्यात मेकॅनिकल परमिट शहराकडून घ्यायचं, विजेचं शहराकडून नाहीतर राज्याच्या लेबर अँड इंडस्ट्रीज खात्याकडून. कॉन्ट्रॅक्टरचा परवाना चालू आहे का हेही त्याच खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. रेफ्रिजरंटला हात लावणाऱ्याकडे इपीएचं, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याचं, कलम 608 चं प्रमाणपत्र हवंच. बाहेरचं युनिट शेजाऱ्याच्या निजायच्या खिडकीखाली किंवा कपडे वाळवायच्या यंत्राच्या तोंडासमोर नको. तिथला लिंट, म्हणजे कपड्यांचे उडणारे तंतू, कॉइलमध्ये जाऊन बसतो. आणि हे सगळं जुलैत करायला जाऊ नका. तेव्हा प्रत्येकाला एसी कालच हवा असतो, आणि मॅनोमीटर काढायला कोणाला वेळ नसतो.

बसवून झाल्यावर एका गरम दिवशी एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर आधी रिटर्नच्या जाळीशी, मग फर्नेसच्या जवळच्या व्हेंटशी धरा. फरक 16 ते 22 अंश फॅरनहाइटच्या आसपास असायला हवा. हवा फार दमट असेल तर थोडा कमी येतो. खूप जास्त आला तर हवा कमी पडतेय, आधी फिल्टर पाहा. खूपच कमी आला तर रेफ्रिजरंट कमी आहे किंवा डक्ट गळतोय. मग कॉन्ट्रॅक्टरला बोलवा. फरक बरोबर आहे आणि तरी वरची शेवटची खोली तापलेलीच असेल, तर क्रॉलस्पेसमध्ये किंवा बेसमेंटमध्ये डक्टच्या फांद्यांवर छोटे धातूचे कान शोधा. ते डँपर. कान डक्टच्या दिशेने म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद. खालच्या मजल्याकडे जाणारे थोडे आडवे करा, पूर्ण बंद करू नका, नाहीतर दाब पुन्हा चढेल. हिवाळ्यात हे उलटं लागतं, तेव्हा दोन्ही जागा मार्करने पत्र्यावरच लिहून ठेवा.